नंबर कुणाचा, सही कुणाची

टॅक्सचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच चिंता फिरून फिरून येते: रिटर्नवर नाव घालायचं तर नंबर हवा, आणि नंबर मिळवायचा तर काय काय करावं लागेल? म्हणून या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त नंबरांचे प्रश्न घेतले आहेत. ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, ज्याला आपण सगळे नुसतं ‘सोशल’ म्हणतो. ज्याला तो मिळू शकत नाही, पण ज्याचं नाव टॅक्सच्या कागदावर यायला हवं, त्याला आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, आयटिन हा करदात्याचा ओळख क्रमांक देतं. ही सोय १९९६ पासून आहे. आयटिनही नऊ आकड्यांचाच असतो, पण त्याची सुरुवात नेहमी ९ ने होते. त्याने कामाची परवानगी मिळत नाही, व्हिसावर काही परिणाम होत नाही, की पुढे सोशल सिक्युरिटीची पेन्शनही मिळत नाही. टॅक्सच्या कागदावर तुम्ही कोण, हे ओळखायचं एवढंच त्याचं काम.

पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

ताई, गेल्या जूनमध्ये माझं लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या कामाच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर, इथे आले. जुलैअखेरपर्यंत हिंजवडीला नोकरी करत होते. मला सोशल नाही. नवरा म्हणतो, तुझा नंबर नाही तर या वर्षी मी एकट्याचंच रिटर्न भरतो, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या ऑफिसात कुणी तरी सांगितलं की आयटिनसाठी पासपोर्ट टेक्ससला पाठवावा लागतो आणि तो लवकर परत येत नाही. मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे, मला पुण्याला जायचंच आहे. शिवाय पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे. काय करू?
— प्लेन्सबरो, न्यू जर्सी

‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं, म्हणजे आयआरएसच्या दृष्टीने तुमचे यजमान २०२५ सालासाठी विवाहित आहेत. त्यांना ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरता येणार नाही. एकट्याचं भरलं तर ते ‘विवाहित, पण वेगळं’ या प्रकारात भरावं लागेल, आणि त्यात स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर. दोघांचं मिळून भरलं तर ३१,५००. टॅक्सचे टप्पेही जॉइंट रिटर्नमध्ये रुंद असतात. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात हा फरक काही हजार डॉलरचा होऊ शकतो.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. तुम्ही ऑगस्टमध्ये आलात, म्हणजे वर्षात तुमचे इथले दिवस दीडशेच्या आसपास. १८३ दिवसांच्या कसोटीत (ती खाली फ्रीमाँटच्या उत्तरात सांगितली आहे) तुम्ही बसत नाही, त्यामुळे २०२५ साठी तुम्ही टॅक्सपुरत्या नॉन-रेसिडेंट ठरता. तुमचे यजमान रेसिडेंट असतील, तर तुम्हा दोघांना ‘आम्हाला पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट धरा’ असं लेखी निवेदन रिटर्नला जोडून जॉइंट भरता येतं. त्या निवेदनावर दोघांच्याही सह्या लागतात. असं केलं की दोघांचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नवर दाखवावं लागतं. म्हणजे हिंजवडीचा जानेवारी ते जुलैचा पगार आणि पुण्यातल्या एफडीचं व्याजसुद्धा. तिथे कापलेल्या आयकराचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं, त्यामुळे बहुतेकांना हा मार्ग तरीही फायद्याचा ठरतो. पण गृहीत धरू नका. दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून बघा. हिंजवडीच्या कंपनीकडून पगाराच्या चिठ्ठ्या आजच मागवून ठेवा.

आता पासपोर्ट. आयटिनचा अर्ज म्हणजे फॉर्म डब्ल्यू-७. तो रिटर्नला जोडून कागदावरच, आयआरएसच्या टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या कार्यालयात पाठवायचा. या पहिल्या वर्षी ई-फाइल होत नाही. ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्हींचा पुरावा एकट्याने पुरा पडेल असा एकच कागद आहे, तो म्हणजे पासपोर्ट. मूळ पासपोर्ट तरी द्यायचा, नाही तर तो देणाऱ्या सरकारने, म्हणजे तुमच्या बाबतीत भारतीय वकिलातीने, शिक्का मारून दिलेली प्रत. नोटरीची प्रत चालत नाही. दर वर्षी कुणी ना कुणी बँकेतल्या नोटरीकडून शिक्का मारून पाठवतं आणि अर्ज परत येतो. हंगामात, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, नंबर यायला नऊ ते अकरा आठवडे लागतात. मेमध्ये तुम्हाला विमानात बसायचं असेल तर मूळ पासपोर्ट टपालात टाकू नका.

दोन सोपे रस्ते आहेत. आयआरएसच्या ठरावीक टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरमध्ये आधी वेळ घेऊन गेलात, तर तिथला कर्मचारी पासपोर्ट तपासतो आणि तिथल्या तिथे परत देतो. दुसरा रस्ता सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटचा. आयआरएसने नेमलेले हे लोक पासपोर्ट स्वतः बघून तसं प्रमाणपत्र अर्जाला जोडतात. ते त्यांची फी घेतात. आयआरएस या नंबरासाठी एक पैसाही घेत नाही. मध्य जर्सीत असे एजंट भरपूर आहेत, आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आहे का तेवढं बघून जा.

फॉर्म भरताना दोन ठिकाणी हात थांबवा. पहिलं, १ए मध्ये पासपोर्टवर आहे तेच नाव. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव असेल, तर फॉर्मवर तेच आणि रिटर्नवरही अक्षरन् अक्षर तेच. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव लागलं असलं तरी ते इथे आणू नका. १बी हा रकाना जन्मनाव वेगळं असणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला तो रिकामा ठेवता येतो. दुसरं, ६सी. तिथे व्हिसाचा प्रकार, क्रमांक आणि मुदत लिहायची. हा क्रमांक म्हणजे पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर उजवीकडे खाली लाल शाईत छापलेला. पुष्कळ जण तिथे चुकून आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा, नंबर लिहितात. ६बी मध्ये परदेशातला कर-क्रमांक विचारला आहे, तिथे तुमचा पॅन.

आणि सही. डब्ल्यू-७ वर अर्जदाराची सही लागते, आणि अर्जदार तुम्ही आहात. नवऱ्याने ‘मीच करून टाकतो’ म्हटलं तरी मुखत्यारपत्राशिवाय त्याची सही तुमच्यासाठी चालत नाही. मला हा नियम मनापासून आवडतो. या देशात आल्यावर बऱ्याच मुलींचा पहिला सरकारी कागद हाच असतो, तर तो स्वतः वाचून, स्वतः भरून सही करा. त्याच बैठकीत जॉइंट रिटर्नही पहिल्या पानापासून वाचा. त्यावर सही केली की त्यातल्या आकड्यांची जबाबदारी तुमचीही असते. नंबर मंजूर झाल्याचं पत्र येतं, त्याला सीपी-५६५ म्हणतात. ते स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.

१५ एप्रिलपर्यंत कागद जमले नाहीत तर फॉर्म ४८६८ ने मुदतवाढ मागा आणि तुमच्या नंबराच्या जागी ‘आयटिन मागवायचा आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहा, ती त्या फॉर्मच्या सूचनांत दिलेली आहे. टॅक्स देणं निघत असेल तर पैसे मात्र १५ एप्रिललाच भरायचे, मुदतवाढ फक्त कागदाला मिळते. भावाच्या लग्नाला निर्धास्त जा.

आमची थोरली मुलगी नाशिकला जन्मलेली, आठ वर्षांची, एच-४ वर आहे. धाकटा इथलाच, तीन वर्षांचा. २०२४ च्या रिटर्नमध्ये टॅक्स करणाऱ्याने दोघांसाठी प्रत्येकी २,००० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेतलं. आता आयआरएसचं पत्र आलं आहे, १,५०० डॉलर परत मागतात. दोघंही आमचीच मुलं, एकाच घरात राहतात. हा अन्याय नाही का?
— प्लेनो, टेक्सस

वाईट वाटणं साहजिक आहे, पण पत्र बरोबर आहे. २०१८ पासूनचा नियम असा की चाइल्ड टॅक्स क्रेडिट हवं असेल तर मुलाकडे कामासाठी वैध असलेला सोशल हवा, आणि तोही रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला. धाकट्याला इथे जन्मल्यामुळे सोशल मिळाला आहे. थोरलीकडे आयटिन आहे, म्हणून तिच्यासाठी २,००० ऐवजी फक्त ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळतं. फरक १,५००. व्याज वाढायच्या आत भरून टाका.

२०२५ साठी हे क्रेडिट २,२०० डॉलर झालं आहे आणि मुलाबरोबर आईवडिलांपैकी निदान एकाकडे सोशल असणंही आता सक्तीचं आहे. तुमच्या घरात एच-१बी वाला आहे, त्यामुळे धाकट्यासाठी अडचण नाही. थोरलीसाठी पुन्हा तेच क्रेडिट मागू नका. नियम धाब्यावर बसवून ते मागितलं असं आयआरएसने ठरवलं तर दोन वर्षं ते घ्यायलाच बंदी येऊ शकते. आणि त्या टॅक्स करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका असं मी स्पष्टच सांगते. हा नियम ज्याला माहीत नाही त्याने आपल्यासारख्या घरांची रिटर्नं हातात घेऊ नयेत.

पुढे ग्रीन कार्ड झालं की मुलीला सोशल मिळेल आणि त्या वर्षापासून पूर्ण क्रेडिट सुरू होईल. मागच्या वर्षांचं मिळणार नाही.

हाच प्रश्न नव्याने मुलं घेऊन आलेल्या वाचकांनाही पडेल, म्हणून आणखी एक. मुलांच्या आयटिनसाठी पासपोर्ट एकटा पुरा पडायचा तर त्यात अमेरिकेत आल्याची तारीख हवी. शिक्का नसेल तर सहा वर्षांखालच्या मुलासाठी इथल्या डॉक्टरची कागदपत्रं आणि त्यावरच्या मुलासाठी शाळेची कागदपत्रं सोबत लागतात. अठराच्या आतल्या मुलासाठी सही आईवडिलांपैकी कुणीही करू शकतं.

आईबाबा दर वर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. दोघांचा खर्च आम्हीच करतो. त्यांचे आयटिन काढून त्यांना डिपेंडंट दाखवता येईल का?
— फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

भारतात राहणाऱ्या आईवडिलांना डिपेंडंट दाखवता येत नाही. डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट हवा, नाही तर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. तुमच्या शेजारचं मेक्सिकन कुटुंब आजीला दाखवू शकतं म्हणून आपल्यालाही जमेल, असं होत नाही.

मला मात्र तुमच्या पत्रातल्या ‘दर वर्षी सहा महिने’ या शब्दांची जास्त काळजी वाटली. दिवसांची कसोटी अशी आहे: या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या मागच्या वर्षीचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली की माणूस टॅक्सपुरता रेसिडेंट. दर वर्षी १८० दिवस राहिलं तर १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७०. टुरिस्ट व्हिसावरचे आईबाबा नकळत अमेरिकेचे कर-रेसिडेंट होतात आणि बाबांची पेन्शन, आईचं पोस्टातलं व्याज इथे दाखवायची वेळ येते. यातून सुटायला वाट आहे. चालू वर्षात ते १८३ दिवसांपेक्षा कमी राहिले असतील आणि त्यांचं घरदार, बँक, सगळा संसार भारतात असेल, तर प्रत्येकाने फॉर्म ८८४० वेळेवर भरून ‘आमचा जवळचा संबंध भारताशी आहे’ असं कळवायचं. ज्यांना ही भानगड नको त्यांनी मुक्काम दर वर्षी १२० दिवसांच्या आत ठेवावा.

‘मग रेसिडेंट ठरले तर दाखवू की डिपेंडंट’ असा विचार मनात आला असेल. ५०० डॉलरच्या क्रेडिटपायी आईवडिलांचं जगभराचं उत्पन्न इथे उघडं करायचं का, हे आधी त्यांना विचारा.

नाव-गाव देत नाही. माझा मामेभाऊ टुरिस्ट व्हिसावर आला आणि मुदत संपूनही राहिला. रोख पगारावर काम करतो. त्याला टॅक्स भरायची इच्छा आहे. कुणी म्हणतं आयटिन काढ, कुणी म्हणतं दुसऱ्याचा सोशल वापर. काय सांगू त्याला?

दुसऱ्याचा सोशल कदापि नाही. ज्याच्या नावावर ते उत्पन्न चढेल त्याचं आयुष्य विस्कटतं आणि वापरणाऱ्यावर फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

उत्पन्न मिळवणाऱ्याने टॅक्स भरावा असा कायदा आहे, मग त्याचे इमिग्रेशनचे कागद कसेही असोत, आणि आयटिनच्या अर्जात कामाची परवानगी विचारत नाहीत. करदात्याची माहिती गुप्त ठेवायचा कायदाही आहे. पण मला तुम्हाला अर्धवट धीर द्यायचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने होमलँड सिक्युरिटीशी माहिती देण्याविषयी करार केला आणि त्यावरून न्यायालयात लढाई सुरू झाली. अशा वेळी पहिला अर्ज भरण्याआधी त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. टॅक्सवाल्याकडे जायचं ते त्यानंतर. कारण वकिलाजवळ बोललेलं गुप्त राहतं. माझ्यासारख्या एन्रोल्ड एजंटला, म्हणजे आयआरएसपुढे करदात्याची बाजू मांडायचा परवाना असलेल्याला, मिळालेलं गुप्ततेचं संरक्षण फौजदारी प्रकरणात लागू होत नाही, आणि हे समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याला सांगणं मी माझं कर्तव्य समजते.

तोवर त्याने मिळालेल्या प्रत्येक पगाराची तारीख आणि रक्कम वहीत लिहून ठेवावी. त्याची टॅक्स भरायची इच्छा खरी आहे आणि ती मोलाची आहे, एवढं त्याला माझ्याकडून सांगा.

मावशी, मी ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी आलो. रूममेट्स म्हणतात सोशल नसेल तर आयटिन काढून ठेव, कामाला येतो. कॅम्पसवर लायब्ररीत नोकरी मिळेल असं वाटतंय. काढू का?
— आर्लिंग्टन, टेक्सस

काढू नकोस. लायब्ररीची नोकरी लागली की तू सोशलला पात्र होतोस, आणि सोशल मिळू शकणाऱ्याला आयटिन मिळत नाही. नोकरी देणाऱ्या विभागाचं पत्र आणि तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र घे, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-९४ बरोबर घे आणि सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात फॉर्म एसएस-५ भर. पैसे लागत नाहीत.

नोकरी नाही पण शिष्यवृत्तीतून राहण्याजेवण्याचा खर्च मिळतो, अशा विद्यार्थ्याला आयटिन लागतो, कारण तेवढा भाग करपात्र असतो. उत्पन्न काहीच नसेल तर विद्यार्थी म्हणून इथल्या दिवसांची नोंद देणारा फक्त फॉर्म ८८४३, आणि त्यासाठी नंबर लागत नाही. पगार सुरू झाल्यावर १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं रिटर्न, भरशील तेव्हा भारत-अमेरिका करारातलं २१ वं कलम लक्षात ठेव. भारतीय विद्यार्थ्याला त्यामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. नेहमीच्या सॉफ्टवेअरवर साधा १०४० भरून मोकळा होऊ नकोस.

मुलाबरोबर मी २०११ मध्ये न्यू जर्सीत एक टाऊनहाऊस घेतलं, निम्मं माझ्या नावावर. त्या वेळी आयटिन काढला होता. घरात मुलगाच राहत होता, भाडं कधी घेतलं नाही, म्हणून मी रिटर्न भरलं नाही. आता घर विकायचं ठरलं आहे आणि क्लोजिंगचे, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा करणारे, वकील म्हणतात की माझ्या हिश्श्यातून १५ टक्के कापून घेणार. नफ्याच्या १५ टक्के का? आणि तो जुना नंबर चालेल का?
— कोथरूड, पुणे

काका, नफ्याच्या नाही, विक्रीच्या रकमेच्या. परदेशी मालकाने अमेरिकेतली स्थावर मालमत्ता विकली की खरेदीदाराने त्या मालकाच्या हिश्श्याच्या १५ टक्के कापून आयआरएसकडे भरायचे. खरेदीदार स्वतः राहायला घर घेत असेल आणि किंमत दहा लाख डॉलरच्या आत असेल तर १० टक्के, तीन लाखांच्या आत असेल तर काहीच नाही. तेव्हा घेणारा कोण आहे हे वकिलांना आधी विचारा. खरा टॅक्स नफ्यावरच लागतो आणि जास्त कापलेलं रिटर्न भरून परत मिळतं, पण तोवर रक्कम अडकून राहते. तुमचा नफा कमी असेल तर क्लोजिंगच्या आधी फॉर्म ८२८८-बी भरून कमी कपातीचं प्रमाणपत्र मागता येतं.

या सगळ्याला चालू नंबर हवा, आणि तुमचा तो राहिलेला नाही. २०१५ च्या कायद्याने ठरवलं की सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर आयटिन बाद होतो. नवा नंबर काढायचा नाही, जुनाच नूतनीकरण करायचा. फॉर्म तोच डब्ल्यू-७, वर नूतनीकरणाच्या चौकोनात खूण आणि आत जुना नंबर. नुसत्या नूतनीकरणाला रिटर्न जोडावं लागत नाही. परदेशातून अर्ज केला तर नऊ ते अकरा आठवडे धरा, म्हणून खरेदीदार ठरायची वाट न बघता आजच सुरुवात करा. अ‍ॅक्सेप्टन्स एजंट भारतातही आहेत, पासपोर्ट ऑस्टिनला पाठवू नका. विकल्यावर पुढच्या वर्षी १०४०-एनआर भरायला विसरू नका, नाही तर कापलेले पैसे तिथेच राहतील.

मी अ‍ॅपवरून अमेरिकन कंपन्यांचे थोडे शेअर घेतले आहेत. एक सल्लागार म्हणतो, आयटिन काढला नाही तर डिव्हिडंडवर जास्त टॅक्स कापतील. तो वीस हजार रुपये मागतो आहे.
— कोल्हापूर

देऊ नका. बाजारात नोंदलेल्या शेअरच्या डिव्हिडंडसाठी डब्ल्यू-८बेन हा फॉर्म पुरतो. अ‍ॅप उघडताना तुम्ही तो बहुधा ऑनलाइन भरला असेल. त्यात तुमचा पॅन आणि भारताचा पत्ता असला की कराराप्रमाणे ३० ऐवजी २५ टक्के कापतात, आयटिन लागत नाही. सही केलेल्या वर्षानंतर तिसरं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत तो फॉर्म चालतो, मग पुन्हा भरायचा. कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट भारतातल्या रिटर्नमध्ये घ्या, ते घ्यायचं मात्र बरेच जण सोडून देतात.

२०२१ पासून माझा आयटिन आहे. आता एच-४ चं ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, आलं, गेल्या आठवड्यात सोशलचं कार्डही आलं आणि पुढच्या महिन्यात नोकरी सुरू होते. दोन नंबर झाले. आयटिन आपोआप बंद होतो का? नवरा म्हणतो, राहू दे, काही बिघडत नाही.
— नेपरव्हिल, इलिनॉय

आधी मनःपूर्वक अभिनंदन. आपोआप बंद होत नाही, आणि राहू दिला तर बिघडतं. सोशल हातात आल्यापासून आयटिन कुठेही लिहायचा नाही, या वर्षीच्या रिटर्नवरही नाही. तुमच्या नावावरची बँकेची व्याजं, आधी भरलेला टॅक्स, हे सगळं आयआरएसच्या वहीत आयटिनखाली नोंदलेलं आहे. ते सोशलखाली आणा असं तुम्ही कळवलं नाही तर दोन खाती वेगवेगळी राहतात आणि एखाद्या वर्षी कापलेला टॅक्स जुळत नाही.

आयआरएसला साधं पत्र लिहायचं: मला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला आहे, माझा आयटिन रद्द करून आधीच्या सगळ्या नोंदी त्याखाली एकत्र कराव्यात. पूर्ण नाव, पत्ता, दोन्ही नंबर लिहा, सोशल कार्डाची प्रत जोडा, सीपी-५६५ सापडलं तर त्याचीही. प्रत स्वतःकडे ठेवून रजिस्टर्ड टपालाने पाठवा. आयटिनच्या ठिकाणी तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आणि सोशल कार्डावर वेगळं पडलं असेल, तर पत्रात दोन्ही नावं लिहा. रिटर्नवर यापुढे कार्डावरचंच नाव.

मग बँकेत जा. खातं आयटिनवर उघडलं असेल तर नवा नंबर द्या. क्रेडिट कार्डाच्या कंपनीलाही कळवा, म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांत वेळेवर फेडलेल्या बिलांचा इतिहास तुमच्या सोशलशी जोडला जाईल. नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी सोशलच द्यायचा. कार्डावर ‘होमलँड सिक्युरिटीच्या परवानगीनेच कामाला वैध’ अशी इंग्रजी ओळ छापलेली असेल, ती बघून घाबरू नका. ईएडीवाल्यांच्या कार्डावर ती असतेच. ग्रीन कार्ड झाल्यावर ती ओळ नसलेलं कार्ड मागून घ्या, नंबर तोच राहील.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी कमाईवर मिळणारी ४० क्रेडिट (टॅक्सची नव्हेत) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. आयटिनच्या वर्षांची त्यात एकही धरली जात नाहीत. तुमची मोजणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या पगारापासून सुरू होते. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा आणि वर्षअखेरीला कंपनीने नोंदवलेली कमाई तुमच्या डब्ल्यू-२ शी, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्याशी, जुळते का ते तपासा.